कारणे दाखवा नोटीस, एच-वनची अर्धी वही आणि आमच्या वकीलबाई

वकीलबाईंचं नाव लिहीत नाही. वकिलांनी स्वतःची जाहिरात करायची नाही असा बार कौन्सिलचा नियम आहे, आणि बाई त्या बाबतीत इतक्या कडक की 'माझं नाव कुठे टाकू नका' हे त्यांनी फी घेतानाच सांगून ठेवलं. पण औषधदुकानाच्या व्यवसायातल्या चार मित्रांनी या बाईंबद्दल विचारलं, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. नोटीस आल्यावर कसा वकील शोधायचा एवढं यातून कळलं तरी पुष्कळ.

मी डी. फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमावाला. औषधांचं दुकान माझं, आणि दुकानातला रजिस्टर्ड फार्मासिस्टही मीच. म्हणजे फॉर्म २० आणि २१ वरचा औषधविक्रीचा परवाना माझ्या नावाचा आणि भिंतीवर फ्रेममध्ये लावलेलं फार्मसी कौन्सिलचं नोंदणी सर्टिफिकेटही माझंच. ही दोन कागदं वेगळी आहेत, त्यांची दोन वेगळी भांडणं होऊ शकतात आणि एका भांडणात बोललेलं दुसऱ्या भांडणात अंगावर येऊ शकतं, हे बावीस वर्षं काउंटरमागे उभं राहून मला ठाऊक नव्हतं.

झालं ते असं. आईचे टाके काढायला दवाखान्यात गेलो होतो. अकरा वाजून दहा मिनिटांनी निघालो, पाऊण वाजता परत. मधल्या वेळात दुकानात आमचा मुलगा (म्हणजे हाताखालचा, स्वतःचा नव्हे, पण दहावीपासून माझ्याकडेच आहे, म्हणून मुलगाच म्हणतो) एकटा होता आणि त्याने सेफिक्झिम या अँटिबायोटिकची एक स्ट्रिप दिली. चिठ्ठी बघून दिली, बिल केलं. नेमके तेव्हाच औषध निरीक्षक आत आले. फार्मासिस्ट कुठे, विचारलं. एच-वनची वही मागितली. वहीतली शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची.

या धंद्यात नसलेल्यांसाठी सांगतो. शेड्यूल एच-वन ही यादी २०१३ च्या अधिसूचनेने आली आणि १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, टीबीची औषधं, अल्प्राझोलम, ट्रामाडॉल अशी ती औषधं. पाकिटावर लाल आरएक्स आणि लाल चौकटीत इशारा असतो. ही औषधं विकली की वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. ॲझिथ्रोमायसिन एच-वनमध्ये नाही, सेफिक्झिम आहे. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा पोरगा ह्यात गोंधळतो, पण ती सबब नव्हे. वही भरायचं काम माझं होतं आणि 'रात्री भरू' म्हणत मी ते एकोणीस रात्री टाळलं. निरीक्षकांनी शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारली, सही-तारीख केली, मोबाइलवर फोटो काढले आणि फॉर्म ३५ च्या तपासणी वहीत सगळं लिहून ठेवलं. माणूस सभ्य होता. आवाजसुद्धा चढवला नाही.

काही दिवसांनी औषध प्रशासनाची नोटीस आली. चार मुद्दे. फार्मासिस्टच्या गैरहजेरीत औषध दिलं. एच-वनची नोंद ठेवली नाही. काही बिलांना डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आधार दिसत नाही. एका बॅचचं खरेदी बिल दाखवलं नाही. औषध नियमांतल्या नियम ६६ खाली परवाना निलंबित किंवा रद्द का करू नये याचा सात दिवसांत खुलासा करा. तळाशी बारीक अक्षरात: प्रत माहितीसाठी, राज्य फार्मसी कौन्सिल. मी ती ओळ वाचलीसुद्धा नाही.

आधी मी वकिलाकडे गेलोच नाही. आपल्यात कोण जातं? लायसन्सची कामं करून देणारे एक 'सल्लागार' आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी नोटीस न वाचताच सांगितलं, "टेन्शन घेऊ नका, नवीन वही आणा, महिन्याभराचं एका बसण्यात लिहून टाका. शाई दोन-तीन पेनांची वापरा. जुनी वही गहाळ झाली म्हणायचं." चिठ्ठ्यांसाठी एका ओळखीच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं, ते मागच्या तारखेच्या देतील म्हणाले. खोटं कशाला बोलू, मी वही आणली होती. दोन पानं भरलीही होती. बायको म्हणाली, "अहो, त्यांच्या मोबाइलमध्ये जुन्या वहीचा फोटो आहे ना?" तेव्हा पेन खाली ठेवलं.

वकीलबाईंचा नंबर एका होलसेलरने दिला. पहिल्या भेटीत मी बसायच्या आत त्यांनी विचारलं, "पाकीट कुठंय?" मी नोटीस पुढे केली. "नोटीस नाही हो, पाकीट. ज्यातून आली ते." सात दिवस नोटीस हातात पडल्यापासून मोजायचे होते आणि पोस्टाचा शिक्का पाकिटावर होता. पाकीट मी फाडून टाकलं होतं. घरच्या रद्दीतून अर्धं सापडलं, नशिबाने शिक्क्याचं. बाईंनी ते नोटिशीला स्टेपल केलं आणि मग वाचायला घेतलं. वाचताना एक शब्द बोलल्या नाहीत. वीस मिनिटं. मला वाटलं सगळं संपलं.

मग म्हणाल्या, "वहीला हात लावलाय?" मी नव्या वहीचं सांगितलं. त्यांनी ती मागवून घेतली आणि स्वतःच्या कपाटात ठेवली. म्हणाल्या, अर्धी वही हा हलगर्जीपणा आहे, त्याला निलंबन होईल. बनावट वही हे वेगळंच प्रकरण, त्यात मी तुमच्याबरोबर उभी राहणार नाही. बस, इतकंच. उपदेश केला नाही.

नोटिशीला उत्तर म्हणजे विनवणीचा अर्ज असा माझा समज होता. 'महोदय, मी गरीब, वृद्ध आई, यापुढे असे होणार नाही.' मी तसा मसुदा घेऊनच गेलो होतो. तो बाईंनी बाजूला सारला आणि सत्तावीस बिलांचा कागद पुढे ओढला. एकोणीस दिवसांत एच-वनची सत्तावीस बिलं झाली होती, ती मी कॉम्प्युटरवरून काढून नेली होती. बाई बोट ठेवून एकेक बिल बघत गेल्या आणि मध्येच थांबल्या. "हे डॉक्टर रविवारी रात्री साडेनऊला पण बसतात?"

सहा बिलांवर एकच डॉक्टर. मला क्षणभर कळेना. मग उजेड पडला. आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरचा रकाना रिकामा सोडला की पहिलं नाव आपोआप बसतं. पोरगा घाईत एंटर मारत गेला की त्या डॉक्टरांच्या नावावर बिल. मी वर्षानुवर्षं ते बघत होतो आणि बघत नव्हतो. निरीक्षकांनी हे पकडलं नव्हतं. नोटिशीत त्याचा उल्लेख नव्हता. मी लगेच म्हटलं, मग राहू द्या ना, कशाला सांगायचं? बाई म्हणाल्या, "बिलं तर त्यांनी मागितलीच आहेत, तुम्हीच जोडणार आहात. सुनावणीत त्यांनी विचारलं तर मी काय सांगू, मला दिसलं नाही?"

पुढच्या चार रात्री मी लोकांना फोन करत बसलो. "ताई, मागच्या महिन्यात गोळ्या नेल्या होत्या, ती चिठ्ठी आहे का घरात? फोटो पाठवता?" लोक किती चांगले असतात हे तेव्हा कळलं. एका आजोबांनी चिठ्ठी शोधायला नातवाला माळ्यावर चढवलं. सत्तावीसपैकी बावीस चिठ्ठ्या मिळाल्या. पाच नाहीत. ओळखीचे ते डॉक्टर पाचही लिहून द्यायला तयार होते. बाईंनी उत्तरात लिहिलं: पाच बिलांच्या चिठ्ठ्या उपलब्ध झाल्या नाहीत. इतकंच, पुढे सबब नाही. ते वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. आज वाटतं, बाकी बावीसांवर विश्वास बसला तो त्या पाचांमुळे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट. सल्लागारांचं दुसरं पेटंट उत्तर होतं, सगळं पोरावर ढकला. आणि हे अगदीच हवेतलं नाही. नियम ६६ मध्ये तशी सोय आहे. चूक नोकराची असेल, मालकाने ती करायला लावली नसेल, तिच्याकडे काणाडोळा केला नसेल आणि आपल्याकडून पुरेशी काळजी घेतली होती हे त्याने पटवून दिलं, तर परवाना वाचू शकतो. माझ्यासारख्याला वाचताना वाटतं, सुटलो. बाईंनी मला तो परतुक (म्हणजे नियमातला अपवाद) स्वतः वाचून दाखवला आणि मग विचारलं, "हे लिहिलं तर दुकानमालक म्हणून तुम्ही सुटाल, समजू. पण दुकानात फार्मासिस्ट कोण?"

मी.

"मग फार्मासिस्टने काय कबूल केलं? आपण नसताना शिकाऊ पोरगा औषधं देतो, वही त्याच्या भरवशावर असते आणि आपल्याला पत्ता नसतो. हे तुमच्या सहीने, सरकारी कार्यालयात. आणि प्रत कुठे जाते बघा."

तेव्हा मी ती तळाची बारीक ओळ वाचली.

चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं, हा नियम ६५ चा दुसरा उपनियम. नोंदणी नसलेल्याने चिठ्ठीवरचं औषध देऊ नये, हे १९४८ च्या फार्मसी कायद्याचं ४२ वं कलम. आणि त्याच कायद्याच्या ३६ व्या कलमाखाली कौन्सिलची कार्यकारी समिती रजिस्टरमधून नाव काढू शकते. कशासाठी, तर गुन्हा शाबीत झाला किंवा व्यवसायाला काळिमा लावणारं वर्तन घडलं तर. दुकानाचा परवाना गेला तर माणूस दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करू शकतो. रजिस्टरमधून नाव गेलं तर काउंटरमागे उभं राहायचा हक्कच गेला. मी मात्र परवान्यासाठी रात्र रात्र जागत होतो आणि सर्टिफिकेटकडे बघतही नव्हतो.

म्हणून बाईंनी एक शिस्त लावली. दोन्ही ठिकाणी एकच हकीकत, जमलं तर त्याच शब्दांत. औषध प्रशासनाला दिलेलं उत्तर उद्या कौन्सिलच्या टेबलावर असणार हे धरूनच लिहायचं. पोराला बळी द्यायचं नाही, आणि त्याने काही केलंच नाही असंही म्हणायचं नाही. गैरहजेरी मान्य: तारीख, वेळ, सोबत दवाखान्याचा केसपेपर. वही अपूर्ण होती हे मान्य, ती माझी जबाबदारी होती. आपोआप बसणाऱ्या नावाचा घोळ मान्य, ती सोय बंद केल्याचा पुरावा सोबत. चौथा मुद्दा अमान्य, कारण ते खरेदी बिल जीएसटीच्या कामासाठी अकाउंटंटकडे होतं, त्याची प्रत सोबत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उत्तर द्यायच्या आधी मी दुपारच्या वेळेसाठी दुसरी रजिस्टर्ड फार्मासिस्ट नेमली, तिचं नियुक्तिपत्र आणि कळवल्याचा अर्ज सोबत. 'यापुढे असे होणार नाही' हे वाक्य उत्तरात कुठेच नव्हतं. ते काम नियुक्तिपत्र करत होतं.

जुन्या तपासणी वहीतल्या आधीच्या भेटींचे शेरेही बाईंनी जोडले. सगळे साफ होते. मला त्या वहीची भीतीच वाटायची, तिचा उपयोग आपल्या बाजूने होतो हे कधी सुचलं नव्हतं.

सुनावणी बारा मिनिटांची. औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांनी बाईंचं ऐकून घेतलं, कागद चाळले आणि एकदम माझ्याकडे वळून विचारलं, "त्या वेळी तुम्ही कुठे होता?" बाईंनी आदल्या दिवशी हेच घोटून घेतलं होतं: विचारतील तेवढंच. मी सुरू केलं, "दवाखान्यात होतो साहेब, आईचे टाके, म्हणजे तिचं ऑपरेशन झालं ना, तर तेव्हापासून घरात…" बाईंनी न बघता फाइलवर तळहात ठेवला. मी गप्प. आयुक्तांच्या ओठांवर काहीतरी हलल्यासारखं वाटलं, हसू होतं की काय देव जाणे.

आदेश आला: सात दिवस निलंबन. चौथा मुद्दा वगळलेला. आदेशात कारणं लिहिलेली. अपील तीन महिन्यांत राज्य सरकारकडे करता येतं, स्थगितीही मागता येते. मी अपिलाच्या तयारीत होतो, सात दिवस शटर बंद म्हणजे गल्लीत तोंड दाखवायची चोरी. बाईंनी नको म्हटलं. "मान्य केलेल्या गोष्टीवर अपिलात काय भांडणार? आणि तिकडे कौन्सिलला काय दिसेल, की तुम्हाला चूक मान्यच नाही." अपिलाची फी त्यांनाच मिळाली असती, हे इथे नोंदवून ठेवतो. सात दिवस बंद ठेवलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, रोजच्या इन्सुलिनवाल्या गिऱ्हाइकांना दुसऱ्या दुकानांचे नंबर दिले आणि घरी बसलो.

दोन महिन्यांनी कौन्सिलचं पत्र आलंच. खुलासा मागणारं. पहिल्यासारखी झोप उडाली नाही, कारण उत्तर तयार होतं, तेच चार परिच्छेद, त्याच क्रमाने. बाईंनी शांतपणे समजावलं की नाव काढायचं झालं तरी आधी म्हणणं ऐकावं लागतं, समितीच्या आदेशावर कौन्सिलचं शिक्कामोर्तब लागतं, त्यानंतरही तीन महिने तो आदेश अमलात येत नाही आणि तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येतं. तिथवर गेलंच नाही. लेखी ताकीद मिळाली, नाव रजिस्टरमध्ये राहिलं.

आता नावं ठेवायची ती ठेवतो, नाहीतर बाईंची जाहिरात होईल आणि त्याच मला धरतील.

फोन उचलत नाहीत. म्हणजे उचलतच नाहीत. मेसेजला दोन निळ्या रेघा येतात आणि विषय संपतो. नोटिशीचे सात दिवस चालू असताना हे सहन करणं सोपं नाही. पाचव्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो तेव्हा ज्युनियर मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "काका, मसुदा कालच झालाय." मग कळवायला काय झालं होतं?

मसुदा इंग्रजीत. मी म्हटलं, सही माझी आहे, मला कळलं पाहिजे, मराठीत द्या. कार्यालयात मराठी चालतं, उलट बरंच. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दुसऱ्या दिवशी मराठीत आला, आणि तो इंग्रजीपेक्षा चांगला होता असं त्यांची ज्युनियरच म्हणाली. हे मात्र सगळ्यांनी मागाच. न कळणाऱ्या कागदावर सही केली की सुनावणीत भलतंच बोलून बसाल.

फी एकरकमी सांगितली, पण त्यात कौन्सिलचं काम धरलेलं नव्हतं हे दोन महिन्यांनी कळलं. थोडं खटकलं. पहिल्याच दिवशी 'प्रत माहितीसाठी' वाचणाऱ्या बाईंना पुढचं पत्र येणार हे दिसत होतं, तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पावती मागितल्यावर मिळाली, आपण होऊन नाही.

पाचात मार्क द्यायचे तर चार. अर्धा फोनचा कापला, अर्धा फीचा. 'मॅनेज करून देतो' ऐकायची ज्यांना सवय आहे त्यांनी जाऊच नये, पहिल्या दहा मिनिटांत भांडण होईल. ज्यांचं प्रकरण नशेच्या औषधांचं किंवा बनावट मालाचं आहे, कोर्टात खटला उभा आहे, त्यांच्याबद्दल मी बोलू शकत नाही. माझं होतं ते आळसाचं प्रकरण, आणि त्यासाठी बाई बावनकशी.

आणखी एक. मूळ कागद देताना यादी करा, तिच्यावर त्यांची सही घ्या. माझं डिप्लोमाचं मूळ सर्टिफिकेट त्यांच्याकडे राहिलं होतं, ते परत मिळवायला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत ज्युनियरने कपाटातून फाइल ओढली तर सर्टिफिकेटबरोबर ती दोन पानं भरलेली नवी वहीसुद्धा निघाली. ती मी तिथेच ठेवून आलो.